ऑनलाइन गेमिंगमधली माणसं: भाषा, हाका, सण आणि शिव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लालबाग-परळच्या आम्ही चार मित्रांनी रात्री खेळण्यासाठी एक गट उघडला. तो वाढत गेला आणि कुणीतरी भांडणं सोडवायला हवीत म्हणून मॉडरेटरचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतात, बहुतेक रात्री एकच्या पुढे आणि रागाच्या भरात. दरवेळी नव्याने टाइप करण्याचा कंटाळा आला, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. उत्तरं आमच्या अनुभवाची आहेत. तुमच्या गटाचे नियम वेगळे असू शकतात.

१. आम्ही फक्त खेळायला येतो. यात संस्कृती-बिंस्कृती कुठून आली?

एका रात्रीची टीम सांगतो. एक डोंबिवलीचा, एक मुंब्र्याचा, एक गोरखपूरहून कांदिवलीला आलेला, एक पोखऱ्याचा नेपाळी आणि मी. पहिल्याच राउंडला 'मागे' हा शब्द दोघांना वेगवेगळा ऐकू आला आणि आम्ही हरलो (प्रश्न ३). दुसऱ्या राउंडला एकाने दुसऱ्याला 'भैय्या' म्हटलं आणि तो गप्प झाला (प्रश्न ४). तिसऱ्याच्या मध्यात एकाच्या आजीने चहा आणला आणि माइक चालू राहिला (प्रश्न १०). यात कुणी संस्कृतीवर भाषण दिलं नव्हतं. त्याची गरजच पडली नाही, संस्कृती आपोआप लॉबीत (मॅचआधी खेळाडू जमतात तिथे) येऊन बसली होती.

२. मी सेटिंगमध्ये मुंबई सर्व्हर निवडलाय. तरी नेपाळी, बांगलादेशी, पाकिस्तानी पोरं कशी येतात?

कारण सर्व्हर, म्हणजे मॅच ज्यावर चालते तो कंप्युटर, पासपोर्ट बघत नाही, अंतर बघतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ४० मिलिसेकंद लागतात, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. म्हणून काठमांडू, ढाका, कोलंबो, कराची इथल्या अनेकांना मुंबईचा सर्व्हर बरा पडतो. व्हॅलरंट आणि काउंटर-स्ट्राइक या दोन्ही बंदुकीच्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. गंमत म्हणजे कराची आपल्याला दिल्लीपेक्षा जवळ आहे. सरळ रेषेत मोजा, दिल्ली ११०० किलोमीटरच्या पुढे जाते आणि कराची ९०० च्या आत येते. परदेशातून येणारा डेटा ज्या समुद्री केबलमधून येतो, त्यातल्या बऱ्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर लागतात. कोळीवाड्याशेजारच्या वाळूखालून अर्ध्या जगाचं 'हेडशॉट' जातंय, हे मला अजून पचत नाही.

अपवाद बीजीएमआयचा, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या गेमचा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, त्यानंतर जुलै २०२१ मध्ये खास भारतासाठी बीजीएमआय आला. त्यामुळे तिथल्या लॉबीत जवळजवळ सगळे भारतातलेच भेटतात. शेजारी देशांची पोरं मूळ पबजी मोबाइल खेळतात. 'बीजीएमआयमध्ये पाकिस्तानी भेटला' असं कुणी सांगितलं तर आधी तो कुठला सूर ऐकून ठरवतोय ते विचारा. निम्म्या वेळा तो लखनौचा निघतो.

३. टीममध्ये मराठी बोललं तर चालतं का? की हिंदी-इंग्लिशच बोलायचं?

मॅच संपल्यावर काय हवं ते बोला. मॅच चालू असताना एकच कसोटी: सगळ्यांना अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे.

आमचा सगळ्यात महाग पडलेला शब्द म्हणजे 'मागे'. मी ओरडलो, "मागे आहे, मागे!" कांदिवलीच्या पोराच्या स्वस्तातल्या इअरफोनवर ते "आगे है, आगे" असं पोचलं. तो पुढे बघत उभा राहिला आणि पाठीत गोळी खाल्ली. शिव्या मला पडल्या आणि त्या रास्त होत्या. तेव्हापासून मिश्र टीममध्ये 'मागे' बंद, 'पाठी' चालू. दुसरा घोटाळा 'माळा'चा. गिरगाव-परळात दुसरा माळा म्हणजे दुसरा मजला, पण हिंदीवाल्याला तो फुलांचा हार वाटतो. आणि पुण्याचा खेळाडू 'मजला' म्हणतो तेव्हा आमचीच पोरं दोन क्षण थांबतात.

उलट काही मुंबईचे शब्द सगळ्यांनी आनंदाने उचलले. 'खोपचा' हा त्यातला राजा. कोपऱ्यात दबा धरून बसलेल्याला 'खोपच्यात आहे' म्हटलं की नेपाळी पोरगाही बरोबर तिकडे बंदूक वळवतो. 'गल्ली', 'जिना', 'खिडकी' हे तर कुणालाच समजवावे लागत नाहीत. दिशेसाठी मात्र आम्ही 'लेफ्ट-राइट'च ठेवलंय, कारण 'उजवीकडे' म्हणेपर्यंत माणूस मरतो.

भाषा अजिबातच जुळत नसेल तर नकाशावर खूण टाका. त्या खुणेलाही पिंग म्हणतात आणि नेटच्या उशिरालाही, त्यामुळे "पिंग दे" आणि "पिंग किती?" यात नवशिक्यांचा गोंधळ होतो. पण खूण ही खरी कामाची वस्तू आहे. २०१९ मध्ये आलेल्या एपेक्स लेजेंड्समध्ये ती इतकी नीट बसवली होती की अनोळखी लोक एक शब्द न बोलता खेळू लागले. आमच्या गटात एक ऐकू न येणारा खेळाडू आहे, तो खुणांवरच टीम चालवतो. त्याच्या टीममध्ये असलो की मला माझी बडबड किती फुकट असते ते कळतं.

४. मी एकाला 'भैय्या' म्हटलं, तो मॅच सोडून गेला. मी तर काही वाईट बोललो नव्हतो?

शब्द वाईट नाही, पण तुमच्या तोंडून तो कसा पोचतो ते वेगळं. उत्तर भारतात 'भैया' म्हणजे थोरला भाऊ, आदराची हाक. मुंबईत मराठी माणसाने 'भैय्या' म्हटलं की त्यात दूधवाला, रिक्षावाला, 'परप्रांतीय' आणि मागच्या वीस वर्षांतल्या निवडणुकीच्या सभा हे सगळं येतं. त्याच्या बहिणीने म्हटलेलं 'भैया' आणि आपण म्हटलेलं 'ए भैय्या' यातला फरक त्याच्या कानाला बरोबर कळतो.

आता खरी गुंतागुंत. ढाक्याच्या पोराला 'भाइया' म्हटलं तर तो खूष होतो, तिथे ती रोजची प्रेमाची हाक आहे. त्यालाच 'दादा' म्हणून बघा. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, कोलकात्यातही तेच. पण बांगलादेशातल्या मुसलमान घरात दादा म्हणजे वडिलांचे वडील. आमच्या एकाने ढाक्याच्या १९ वर्षांच्या मुलाला आठवडाभर आदराने 'दादा' म्हटलं. आपल्याला आजोबा का म्हणतायत हे त्या मुलाला कळेना. हिंदीतही दादा म्हणजे आजोबाच, आणि मुंबईच्या हिंदीत वर गल्लीतला गुंड. नेपाळीत थोरल्या भावाला 'दाइ', तमिळ-तेलुगूत 'अण्णा', फिलिपिनो मुलं 'कुया' म्हणतात. मात्र मुंबईत 'अण्णा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उडप्याच्या हॉटेलचा गल्ला येतो. म्हणून तमिळ खेळाडूला अण्णा म्हणताना डोशाची ऑर्डर देतोय असा सूर लावू नका.

सोपा मार्ग म्हणजे समोरच्याने जे टोपणनाव लावलंय त्याच नावाने हाक मारा. तेच नाव वाचता येत नसेल तर 'ब्रो' आहेच. फिकट शब्द आहे, पण अजून कुणी त्यावरून मॅच सोडलेली नाही.

५. मला कुणी 'घाटी' म्हणालं, कुणी 'छपरी'. मस्करी समजून सोडून द्यायचं का?

'घाटी' म्हणजे मुळात घाटावरचा. कोकणातला माणूस घाटावरून आलेल्याला म्हणायचा, आणि साताऱ्या-कोल्हापुराकडून गिरणीत आलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीने तो चाळीत ऐकला. पुढे मुंबईत बाकीच्यांनी तो सरसकट मराठी माणसाला अडाणी ठरवायला वापरला. आज आमच्या गटात दोन साताऱ्याचे एकमेकांना 'काय घाट्या' म्हणतात आणि हसतात. तोच शब्द जुहूच्या पोराने इंग्लिश वाक्यात घातला की हसू थांबतं. म्हणून नियम असा की स्वतःला आणि आपल्या दोस्ताला काय म्हणायचं ते म्हणा, अनोळख्याला नाही.

'छपरी'बद्दल आम्ही कडक आहोत. रंगवलेले केस, स्वस्त फोन, मोठा आवाज, असं दिसलं की लोक हा शब्द फेकतात. त्याचं मूळ छप्परं शाकारणाऱ्या छप्परबंद समाजापर्यंत नेलं जातं. मूळ काहीही असो, वापर बघा. तो कधी पेडर रोडच्या पोराला म्हटलेला मी ऐकलेला नाही. ईशान्य भारतातल्या खेळाडूंना डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून जे म्हटलं जातं, त्याला आमच्याकडे इशारा मिळत नाही, सरळ बाहेर.

६. ओळख करून घेताना पूर्ण नाव विचारलं तर चुकलं कुठे?

तुमचा हेतू निर्मळ असेल, पण 'आडनाव काय?' हा प्रश्न मराठीत कधीच नुसता आडनावाचा नसतो. गाव विचारतात, मग 'तुम्ही म्हणजे कोणते?' आणि मग दोघांनाही कळलेलं असतं काय विचारलं ते. ऑनलाइन खेळाची एक चांगली गोष्ट म्हणजे तिथे माणूस आडनावाशिवाय येऊ शकतो. मुंब्र्याचा आमचा एक खेळाडू दोन वर्षं 'रॉकी' होता. भाड्याने घर शोधताना खरं नाव सांगितल्यावर काय होतं हे त्याने पाहिलं होतं, म्हणून इथे सांगितलं नाही. ते त्याने कधी सांगायचं ते त्याने ठरवावं.

बक्षिसाच्या स्पर्धेत पैसे खात्यात भरायला खरं नाव लागतं. ते फक्त आयोजकाकडे राहतं, टीमच्या यादीत टोपणनावच छापतात.

७. जातीवरून किंवा धर्मावरून शिवी दिली तर गटातून काढण्यापलीकडे काही होतं का?

होऊ शकतं. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला जातीचं नाव घेऊन लोकांसमोर हिणवणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. इंटरनेटवर टाकलेला मजकूरही लोकांसमोर धरला जाऊ शकतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. दोन समाजांत तेढ लावणाऱ्या बोलण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं १९६ कलम आहे. पोरांना वाटतं टोपणनावामागे कुणी सापडत नाही. फोन नंबर, आयपी पत्ता, पेमेंट, सगळं कुठे ना कुठे नोंदलेलं असतं.

तक्रार करायची असेल तर आधी स्क्रीन रेकॉर्डिंग, तारीख, वेळ आणि समोरच्याचा आयडी जपून ठेवा, रागाने उलट शिवी देऊ नका. पुढचं वकिलाला विचारा. मी मॉडरेटर आहे, वकील नाही.

८. शिव्या तर सगळेच देतात. मग कुठली चालते?

आई-बहिणीवरून, जात, धर्म, रंग, प्रांत, अपंगत्व यांवरून नाही चालत. उरलेल्यात मराठी माणसाला भरपूर वाव आहे. गाढवा, ठोंब्या, बावळटा, दगडोबा. एकदा आठवडाभर फक्त अशाच शिव्यांची परवानगी दिली होती, तो आमचा सगळ्यात हसरा आठवडा होता. एका जौनपूरच्या मुलाने 'ठोंब्या' उचलला आणि आता घरी धाकट्या भावाला म्हणतो.

गेमच्या फिल्टरवर विसंबू नका. आपली शिवी इंग्लिश अक्षरांत वीस प्रकारे लिहिता येते आणि फिल्टरला त्यातले दोन माहीत असतात. उलटही होतं. निरपराध मराठी शब्द इंग्लिश फिल्टरला शिवी वाटून तारांकित होतो.

९. समोरचा नुसतं '५५५' किंवा '६६६' लिहितोय. चिडवतोय का?

नाही. थायी भाषेत पाचाचा उच्चार 'हा' असा आहे, म्हणून ५५५ म्हणजे 'हाहाहा'. चिनी खेळाडूने ६६६ लिहिलं तर ती दाद आहे, 'भारी खेळलास'. तिथे सहाचा उच्चार सफाईदार या अर्थाच्या शब्दासारखा होतो. तो सैतानाचा आकडा वगैरे नाही. जपानी माणूस हसताना इंग्लिश डब्ल्यू अक्षराची रांग लावतो, कारण हसण्याच्या त्यांच्या शब्दाची सुरुवात 'वा' ने होते. ब्राझीलचा इंग्लिश 'के'ची रांग लावतो. कोरियन लोकही 'क'च लिहितात, पण त्यांच्या लिपीत. रशियन नुसते कंस टाकतो, आणि जितके कंस तितकं हसू.

मॅच संपल्यावर 'जीजी', म्हणजे 'गुड गेम', लिहिण्याची जगभर रीत आहे. त्यापुढे 'ईझी' जोडलं की ते 'किती सोपे होतात तुम्ही' असं होतं. हे कुठल्याही देशात अपमानच समजतात.

१०. एकाचा माइक सतत आवाज करतो. कुकर, टीव्ही, भांडणं. त्याला टीममधून काढू का?

काढू नका, आधी त्याचं घर डोळ्यांपुढे आणा. धारावीत किंवा काळाचौकीच्या चाळीत एका खोलीत सहा माणसं राहतात. ज्याच्याकडे स्वतंत्र खोली आहे त्याला शांत माइक ही शिस्त वाटते. दुसऱ्याला ती परवडत नाही, एवढंच.

आमचा एक खेळाडू रात्री अकरानंतर फक्त कुजबुजतो, कारण शेजारी वडील झोपलेले असतात आणि त्यांना पहाटे चारची पाळी असते. सुरुवातीला लोक त्याला 'भूत' म्हणायचे. मग लक्षात आलं की तो कुजबुजत असल्यामुळे बाकीचेही आवाज खाली आणतात, आणि गेममधली शत्रूची पावलं नीट ऐकू येतात. आता महत्त्वाच्या मॅचला तोच सूत्रं हातात घेतो. गोंगाट असेल तर बटण दाबून बोलायची सोय वापरा आणि न बोलणाऱ्याला खुणा टाकू द्या (प्रश्न ३).

फ्री फायर (बीजीएमआयसारखाच मोबाइल गेम) विरुद्ध बीजीएमआय हे भांडणही थोडंफार इथलंच. फ्री फायर कमी ताकदीच्या फोनवर चालायचा, म्हणून तो ज्यांच्याकडे तसे फोन होते त्यांचा झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मूळ फ्री फायरवर बंदी आली, त्याचीच दुसरी आवृत्ती फ्री फायर मॅक्स राहिली. 'फ्री फायरवाला' ही शिवी कशी झाली ते समजायचं असेल तर दोघांच्या फोनच्या किमती शेजारी ठेवा.

११. मुलगी आहे. माइक चालू करू का?

हे तुम्ही ठरवायचं. आमच्याकडच्या अनेकजणी अनोळखी लॉबीत माइक बंद ठेवतात आणि ओळखीच्या टीममध्ये उघडतात. आवाज ऐकताच 'नंबर दे' किंवा 'स्वयंपाक कर जा' म्हणणारे भेटतात. त्यांना उत्तर देण्यापेक्षा म्यूट आणि रिपोर्ट. कुणी पाठलाग करत दुसऱ्या अ‍ॅपवर, इन्स्टावर मागे लागलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळी सोय आहे. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी, तो इथे पहिला फिरवू नका.

आणि मुलांसाठी: टीममध्ये मुलगी आली म्हणून अचानक सभ्य होऊन प्रत्येक वेळी तिलाच आधी वाचवायला धावू नका. तिला राउंड जिंकायचाय.

१२. सराव सामने लावताना सणवार बघायचे का? किती बघणार?

सगळे नाही बघता येत. जे आमचे घोळ झालेत ते सांगतो. गणपतीत अर्धा गट कोकणात असतो आणि वाडीत रेंज आंब्याच्या झाडाखालीच येते. त्या दिवसांत काही लावूच नका. दहीहंडीच्या आधी तीन-चार आठवडे लालबाग-वरळीची पोरं रात्री थरांच्या सरावाला जातात, आणि नंतर कुणाचा तरी हात प्लास्टरमध्ये असतो. नेपाळी खेळाडू दशैंला (त्यांचा दसरा) दहा-पंधरा दिवस गायब होतात.

रमजानमध्ये उलट. कुर्ला, मुंब्रा, भेंडी बाजारची मुलं तरावीहनंतर (रमजानमधली रात्रीची नमाज), साधारण साडेदहा-अकराला येतात आणि सहरीपर्यंत, म्हणजे पहाटेच्या जेवणापर्यंत, पक्की जागी असतात. आमचे सर्वात चांगले सराव त्या महिन्यात होतात. फक्त इफ्तारच्या वेळी, संध्याकाळी, मॅच ठेवू नका. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे येतो, त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक उचलून चालत नाही. २९ व्या रोजाच्या रात्री फायनल लावू नका. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, आणि तुमच्या टीममधले दोघं नवे कपडे इस्त्री करत असतील. हे मी अनुभवाने शिकलो.

१३. 'रात्री नऊ' म्हणजे कुणाचे नऊ?

नेहमी 'भारतीय वेळ' असं लिहा. कराची अर्धा तास मागे, ढाका अर्धा तास पुढे, दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. कोलंबो आपल्याबरोबर. नेपाळ १५ मिनिटं पुढे आहे, हो, पंधराच. पोखऱ्याचा आमचा गडी नेहमी पाव तास आधी यायचा आणि आम्ही त्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक करायचो. तो त्याच्या घड्याळाने बरोबर वेळेवर येत होता. युरोपातले नातेवाईक खेळत असतील तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं हलतात, तेव्हा पुन्हा विचारा.

१४. पाकिस्तानी खेळाडू टीममध्ये आला तर काय करायचं? बातम्या बघून डोकं फिरतं.

डोकं फिरलं असेल तर त्या दिवशी खेळू नका, खरंच. खेळत असाल तर समोरचा लाहोरचा कॉलेजातला पोरगा आहे आणि त्याला पण रँक वाढवायचीय, एवढंच धरा. मॅचच्या वेळी सीमा, क्रिकेट, धर्म यावर बोलायचं नाही, आणि हा नियम दोन्ही बाजूंना. कुणी घोषणा दिल्या तर म्यूट. तणावाच्या दिवसांत आम्ही अनोळखी लॉबीतला माइक आपणहून बंद ठेवायला सांगतो. त्याला पळपुटेपणा म्हणणारे आहेत, म्हणोत. स्वतःचं शहर, शाळा, घरची माणसं यांची माहिती देऊ नका, हे मात्र कुठल्याही देशाच्या अनोळख्याला लागू.

१५. मुंबईत राहून मराठी बोलत नाही त्याला गटात का ठेवता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त शिव्या याच उत्तराला मिळतात.

आमच्या गटाची घरची भाषा मराठी आहे. सूचना मराठीत, नियम मराठीत, आणि ज्याला समजत नाही त्याने शेजाऱ्याला विचारायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही रात्रभर मराठी कॉलआउटवर (मॅचमध्ये शत्रू कुठे ते ओरडून सांगणं) खेळलो, आणि बऱ्याच मॅच हरलो. पण भाषा ही प्रवेशाची परीक्षा नाही. मला 'मराठीत बोल' म्हणून दरडावून शिकलेला एकही खेळाडू माहीत नाही. 'खोपच्यात', 'थांब जरा', 'वाट लागली' हे खेळता खेळता शिकलेले डझनभर माहीत आहेत. ज्याला आपली भाषा यावी असं वाटतं त्याच्याबरोबर दोन राउंड जास्त खेळा. हे पटत नसेल तर फक्त मराठी गट बरेच आहेत, आणि त्यात वाईट काही नाही.

१६. गेममध्ये आपल्या देवांचा किंवा मंदिरांचा अपमान झाला असं वाटलं तर?

तक्रार करा, कंपन्या ऐकतात. २००२ च्या 'हिटमॅन २' मधल्या शीख धर्मस्थळाशी साधर्म्य असलेल्या जागेवरून शीख समाजाने आक्षेप घेतला आणि ते दृश्य बदलावं लागलं. 'स्माइट' या गेममधल्या काली देवीच्या चित्रणावर २०१२ मध्ये हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता. २०२० मध्ये पबजी मोबाइलच्या एका जंगल मोडमध्ये खेळाडूचं पात्र मूर्तीपुढे नमायचं. आखाती देशांतल्या मुसलमान खेळाडूंनी हरकत घेतल्यावर कंपनीने माफी मागून ते काढलं. आपल्याला आपलं टोचतं तसं त्यांना त्यांचं, हे तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की दिसतं. फक्त गेममधल्या चित्राचा राग समोरच्या खेळाडूवर काढू नका, त्याने ते काढलेलं नाही.

१७. मुलगा १३ वर्षांचा आहे. परदेशी लोकांशी बोलतो, थायी शब्द वापरतो. काळजी करावी का?

थायी शब्दांची नाही. कुणी त्याला गेमबाहेरच्या अ‍ॅपवर बोलवतंय का, फोटो किंवा ओटीपी मागतंय का, 'स्किन (गेममधल्या पात्राचा किंवा बंदुकीचा नवा पेहराव) देतो' म्हणतंय का, एवढं बघा. बीजीएमआय आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. मात्र पोरं आजोबांच्या नंबरवर खातं काढतात, हे लक्षात ठेवा. त्याच्या शेजारी बसून एक मॅच बघा, त्याला लाज वाटेल तरी.

१८. तुम्ही स्वतः कधी चुकलात का?

हो. पनवेलकडचा एक आगरी मुलगा होता, फार चांगला नेमबाज. बोलताना 'पानी', 'काला' म्हणायचा. मी एकदा सगळ्यांसमोर त्याला 'पाणी रे, पाणी' असं दुरुस्त केलं आणि चार जण हसले. वर मीच प्रश्न १५ चं उत्तर लिहिलेलं. त्यानंतर तो माइकवर आला नाही, फक्त टाइप करायचा. मी खाजगीत माफी मागितली, त्याने अंगठा पाठवला. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या गटात गेला. तिथे तो बोलतो, असं ऐकलं.